शब्दकोशाची शिवण

मराठी मंडळाच्या कपाटाची किल्ली मनोहरराव दाबक्यांच्या जानव्याला असे, आणि ती तिथेच आहे याची ते शर्टावरून चाचपून अधूनमधून खात्री करून घेत. ज्या खात्यातून ते निवृत्त झाले, त्या खात्याने त्यांना शाल दिली होती, घड्याळ दिलं होतं आणि बाकी सगळं काढून घेतलं होतं. ज्याला अधिकार म्हणावा अशी आता ही किल्लीच उरली होती.

कोलकात्यातल्या मंडळाचं ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट. बदलीवर आलेली मराठी माणसं परत जाताना सामान कमी करत, आणि कमी केलेलं सामान मंडळाला भेट म्हणून मिळे. वाचायला फारसं कोणी येत नसे. त्यामुळे चोरीचा प्रश्नच नाही असं इतरांना वाटे. मनोहररावांना वाटे, कोणी उघडपणे येत नाही याचाच अर्थ काहीतरी चाललेलं असणार. म्हणून दर रविवारी ते कपाट उघडत आणि शब्दकोश बाहेर काढून बघत. लाल कापडी पाठीचा, दोन हातांनी उचलावा लागणारा तो शब्दकोश कपाटातला सगळ्यात मोलाचा ऐवज होता. त्याच्या पाठीच्या वरच्या काठात तर्जनी अडकवायची, ओढायचा, आहे ना बघायचं, परत ठेवायचा.

गणपतीच्या आधीच्या रविवारी त्यांनी तसाच ओढला, तेव्हा लाल पाठ हातात आली आणि शब्दकोश जागेवर राहिला.

"गेला का, काका?" मागून केदार पोतनीस म्हणाला. हा न्यू टाउनमध्ये कुठल्याशा कंपनीत होता आणि मंडळाचा नवा चिटणीस होता. सगळी पुस्तकं फोनमध्ये घालावी आणि कपाटाच्या जागी चपलांचं स्टँड करावं, असं त्याचं वर्षभर चाललं होतं.

"गेला नाही. पाठ सुटलीय."

"गणपतीत सभा आहेच. कपाटाचा विषय घेऊन टाकू. जिच्या हाती किल्ली त्याची जबाबदारी, हा नियम तुमचाच ना?"

"ज्याच्या हाती," मनोहरराव म्हणाले. एवढं सुधारून त्यांना जरा बरं वाटलं. मग त्यांनी शब्दकोश उचलला, तेव्हा वरचा पुठ्ठा एका दोऱ्यावर लोंबला आणि मधले दोनचार फर्मे, म्हणजे घडी घालून एकत्र शिवलेल्या पानांचे जुडगे, खाली घसरले. केदारने ते उचलून दिले. फार आदराने दिले, म्हणून मनोहररावांनी तिथेच उलटसुलट करून बघितले.

बैठकखाना बाजारातल्या एका बाइंडरकडे ते तसेच गेले. त्याने पुस्तक हातात घेऊन मान डोलावली, ठेवून जा म्हणाला. माणूस प्रामाणिक दिसत होता. मनोहररावांना तेच खटकलं. पुस्तक एकदा नजरेआड गेलं की यातली पानं त्यात आणि त्यातली यात व्हायला कितीसा वेळ लागतो? त्यांनी पुस्तक परत प्लास्टिकमध्ये गुंडाळलं आणि पोटाशी धरून ढाकुरियाला घरी आणलं.

गल्लीत पोटऱ्यांपर्यंत पाणी होतं. तळमजल्याच्या भिंतींना ओल चढली होती, मिठाच्या बरणीत पाणी सुटलं होतं आणि दोरीवरचे टॉवेल वाळायचं सोडून वास मारत होते. सुनीतीबाईंनी जेवणाच्या टेबलावर जुनं धोतर अंथरलं. त्यावर शब्दकोश ठेवून तिघं त्याच्याकडे बघत उभी राहिली. तिसरी त्यांची सून, ऋचा. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. मुलगा सुश्रुत कंपनीच्या कामाला हैदराबादला गेला होता, आणि रस्त्यातल्या पाण्यामुळे हिची कंपनी सध्या घरातूनच चालली होती.

"ईश, पूर्ण फाटला आहे पुस्तक," ऋचा म्हणाली.

ऋचाच्या घरचं मराठी दोन पिढ्या भवानीपुरातल्या बंगालीत मुरलेलं होतं. आडनाव चित्पावनी, पण पुस्तक, टेबल आणि पंखा यांचं लिंग ती त्या त्या वेळी ठरवी. शिवाय चहा खाई.

"श्रावणात मंगळागौरीच्या उखाण्यासाठी शब्द हवा म्हणून तूच नेला होतास ना घरी?" मनोहररावांनी सहज विचारावं तसं विचारलं.

"हो. दोन रात्री होता."

"कुठे ठेवला होतास?"

"माझ्या टेबलावर."

"त्याच्यावर लॅपटॉप ठेवला होतास?"

"नाही तर."

इतक्या लगेच 'नाही' म्हटलं याची मनोहररावांनी मनाशी नोंद केली.

ऋचाने वाकून फर्मे बोटांनी चाळले. "दोरा कुजलाय. पानं ठीक आहेत. बाबा, बाहेर नका देऊ. कॉलेजात आम्ही मासिक हातानेच शिवायचो." मग ताठ होत म्हणाली, "मी चेष्टा करते."

मनोहररावांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"काय करतेस?"

"चेष्टा करते ना. जमेल असं वाटतंय."

"चेष्टा करतेस?"

"हो बाबा. अगदी मनापासून."

आणि ती हसली. ते हसू मनोहररावांच्या जेवणभर ताटात राहिलं.

"तोंडावर सांगते," ते स्वयंपाकघरात सुनीतीबाईंना दबक्या आवाजात म्हणाले. "चेष्टा करते म्हणून. मनापासून म्हणे!"

"आजकालच्या मुली मोकळं बोलतात," सुनीतीबाई म्हणाल्या. पण भाकरी थापता थापता त्यांचाही हात जरा थांबला.

दुसऱ्या दिवशी काम निघालं. ऋचा ऑफिसच्या मीटिंगांच्या मधे मधे येऊन टेबलाशी बसे. मनोहरराव समोरची खुर्ची घेऊन देखरेखीला बसत. शेवटी वस्तू मंडळाची होती. तिने सुरीच्या मागच्या बाजूने उरलेला दोरा उचकला, एकेक फर्मा सोडवला आणि भिंतीशी ओळीने मांडला. पाठीवरचा जुना सरस दगड झाला होता. त्यावर ओली खळ थापायची, तो मऊ पडेपर्यंत थांबायचं, मग खरवडायचं. खरवडलेला गर तपकिरी निघे आणि त्याला मेलेल्या पालीसारखा वास येई. पंखा लावला तर पानं उडत, बंद केला तर घामाचे थेंब पानांवर पडत. ऋचाने ओढणी कपाळाला बांधली. मनोहररावांनी बंडी काढली आणि किल्ली उघड्या छातीवर लोंबू लागली.

"वरचा काठच तुटलाय बघा," लाल पाठीचा तुकडा उजेडात धरत ऋचा म्हणाली. "अर्धगोल. बाकी कापड ठीक आहे."

ती फोन घ्यायला आत गेली, तेव्हा मनोहररावांनी तो तुकडा उचलला. खाचेत तर्जनी ठेवून बघितली. खाच तर्जनीच्या मापाची होती. त्यांनी बोट काढलं, पंच्याला पुसलं आणि तुकडा होता तसा ठेवला.

"उंदीर असेल," ऋचा परत आल्यावर ते म्हणाले.

संध्याकाळी पाणी ओसरल्यावर ती गल्लीतल्या दुकानातून पतंगाचा पांढरा कागद घेऊन आली. विश्वकर्मापूजा जवळ आली होती, आणि इकडे पतंग त्या दिवशी उडवतात. पतंगाच्या कागदाला तोटा नव्हता. त्याच्या पट्ट्या कापून तिने फर्म्यांच्या विरलेल्या घड्यांवर आतून डकवल्या. फर्मे ज्यांवर शिवायचे त्या उभ्या फितींसाठी तिने सुनीतीबाईंकडे काहीतरी मजबूत मागितलं, तेव्हा त्यांनी विचार करून परकराची नवी नाडी आणून दिली.

"शब्दकोशाला परकराची नाडी?" मनोहरराव म्हणाले.

"आतून असते," सुनीतीबाई म्हणाल्या. "दिसत नाही."

खळ स्वयंपाकघरात शिजे. मनोहरराव पाणी प्यायला म्हणून आत गेले, तर ओट्यावर, साखरेच्या डब्याशेजारी, वाटीत निळे खडे. ऋचा ते बत्त्याने कुटत होती.

"हे काय?"

"तुँते. मराठीत काय म्हणतात, आई?"

"मोरचूद," पोळ्या लाटत असलेल्या सुनीतीबाई म्हणाल्या.

"विष आहे बाबा, हात नका लावू. खळीत थोडं घातलं की कीड खायला येत नाही." आणि बत्ता खाली ठेवत, "चहा खाणार?"

मनोहररावांनी साखरेच्या डब्याकडे बघितलं, वाटीकडे बघितलं, सुनेच्या निळसर बोटांकडे बघितलं.

"नको," ते म्हणाले. "आज पित्त आहे."

सुनीतीबाईंनी चहा घेतला. मनोहरराव अंधार पडेपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवून होते. त्यांना काही झालं नाही. यावरून काही सिद्ध होत नाही, असं त्यांनी ठरवलं.

मग शिवण सुरू झाली. ऋचाने पांढरा जाड दोरा मेणबत्तीवरून ओढून घेतला आणि शेवटच्या फर्म्यापासून, ह कडून, सुरुवात केली. फर्मा टेबलाच्या कडेला आणायचा, सुई घडीतून आत, नाडीला वळसा घालून बाहेर, परत आत. टोकाला आल्यावर खालच्या फर्म्याशी गाठ, मग त्यावर पुढचा फर्मा. जाड जागी दाभण लागे. तिच्या अंगठ्याला भोक पडलं, तेव्हा पानाला डाग नको म्हणून तिने अंगठा तोंडात धरला आणि दुसऱ्या हाताने दोरा ताणून ठेवला. स, श, व करत रास वर चढत होती. मनोहररावांना ते बघायला आवडू लागलं होतं, आणि आपल्याला आवडतंय हेच त्यांना पसंत नव्हतं. चेष्टाच करायची तर माणूस इतकी मेहनत कशाला घेईल? की हीच चेष्टा? शेवटच्या क्षणी सगळं उलगडून हसणार?

रास ज पर्यंत आली, तेव्हा केदार आला. म्हणे, इकडून चाललो होतो. ढाकुरियाच्या त्या गल्लीतून कुठेच जाता येत नाही. ती आमच्या घराशी संपते, हे मनोहररावांनी त्याला ऐकवलं.

"मग काकूंच्या हातचा चहा घेऊन परत फिरतो," केदार म्हणाला आणि थेट टेबलापाशी आला. त्याने रास डोळ्यांनी मोजली, नाडीला बोट लावलं. "हे काय?"

"फीत," मनोहरराव म्हणाले.

"अशी फीत आमच्या घरी पण आहे." मग तो ऋचाकडे वळला. "काय गं, सभेपर्यंत होणार का?"

"चेष्टा चाललीय, केदारदा," ऋचा सुई न थांबवता म्हणाली.

केदारने मनोहररावांच्या तोंडाकडे बघितलं आणि तो मोठ्याने हसला. इतका, की सुनीतीबाई कप घेऊन येताना दारातच थांबल्या.

तो गेला आणि त्याच्या पायांचं पाणी उंबऱ्यावर वाळायच्या आत मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर आलं: 'दाबकेकाकांकडे शब्दकोशाची चेष्टा जोरात सुरू! खुद्द सूनबाईंकडून.' पुढे दात दाखवणारा पिवळा चेहरा. त्याखाली बजबजच्या कारखान्यातले, हावड्याचे, एरवी वर्गणीच्या निरोपालासुद्धा उत्तर न देणारे, सगळे दात दाखवून गेले.

मनोहररावांनी फोन टेबलावर, खळीच्या वाटीशेजारी ठेवला.

"घरात करत होतीस, ऐकून घेतलं," ते म्हणाले. "आता गावभर?"

"काय, बाबा?"

"चेष्टा! आणखी काय?"

ऋचाचा चेहरा कोरा झाला. "पण बाबा... मी तर तुमच्यासाठीच चेष्टा करतेय."

"ऐकलंस?" मनोहररावांनी बायकोला साक्षीला बोलावलं. "माझ्यासाठी!"

"तुमचा मान राहावा म्हणून," ऋचाचा आवाज चिरकला. "दिवसरात्र चेष्टा करतेय, आणि तुम्ही..."

"अगं बाई, गप्प बस तू आता," सुनीतीबाई म्हणाल्या.

ऋचाने सुई दोऱ्याच्या रिळात खोचली, अंगठ्यावरची चिंधी सोडली आणि ती आत गेली. तिने दार हळूच लावलं. आपटलं असतं तर मनोहररावांना सोपं गेलं असतं.

उरलेलं त्यांनी स्वतः शिवायला घेतलं. सुईत दोरा ओवायलाच अर्धी सकाळ गेली. कोणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं आणि विचारायला कोणी आलंही नाही. तळवा ओला, सुई निसटे. मान आखडली, चष्म्याच्या काचेवर वाफ धरली. दोरा ताणला की पान फाटायला येई, सैल सोडला की फर्मा डुलू लागे. मधेच इतका राग येई, की हातातलं ठेवून पाणी पिऊन यावं लागे. ऋचा येता-जाता टेबलाकडे बघे. काहीतरी बोलायला तोंड उघडे आणि मिटे.

"अहो, तिला हाक मारा," सुनीतीबाई म्हणाल्या.

"कशाला? चेष्टेला?"

अ चा फर्मा शिवून झाला, तेव्हा त्यांनी दोऱ्याला इतक्या गाठी मारल्या की तिथे एक मणी तयार झाला. मग पाठीवर खळ, खळीवर जुन्या धोतराची पट्टी, आणि तिचे आणि नाड्यांचे मोकळे काठ दोन्ही पुठ्ठ्यांवर डकवून वर नवे अस्तराचे कागद. लाल पाठ परत बसवली. वरची खाच सुनीतीबाईंनी लाल खणाच्या तुकड्याने झाकली. शब्दकोश दोन पाटांमध्ये घालून त्यावर भरलेला गॅसचा सिलिंडर ठेवला. तो मनोहररावांना एकट्याने उचलवेना. दुसरी कडी कोणीतरी धरली. मनगट ऋचाचं होतं. दोघांनी सिलिंडर ठेवला आणि दोघं दोन खोल्यांत गेली.

सभेच्या दिवशी सकाळी त्यांनी सिलिंडर बाजूला लोटला. शब्दकोश कोरडा होता, ताठ होता, किंचित वाकडा होता. आता आधी त्यांना एक हिशेब मिटवायचा होता. कोशातच शब्द काढायचा, सुनेपुढे ठेवायचा आणि म्हणायचं, वाच, तू काय काय बोललीस ते.

त्यांनी च काढला. पानावरची अक्षरं डोक्यावर उभी होती.

पुढचं पान उलटं. त्याच्या पुढचंही. अख्खा फर्मा खाली डोकं वर पाय करून शिवला गेला होता. तो कोणी शिवला, हे विचारायची सोय नव्हती. मनोहररावांनी आवाज न करता कोश फिरवला, मांडीवर उलटा धरला आणि बोट ओळींवरून खाली आणलं.

'चेष्टा: स्त्री. १ हालचाल, हातापायांचा व्यापार. २ प्रयत्न, खटपट. ३ थट्टा, टवाळी.'

त्यांनी ते परत वाचलं. पहिला संशय आला तो डकवलेल्या कागदाचा. त्यांनी पान नखाने खरवडलं. छपाई जुनी होती. मग छापणाऱ्याचा संशय आला. मग काही वेळ कोणाचाच येईना, आणि त्यांना फार एकटं वाटलं.

बाहेर ऋचा सभेसाठी साडी नेसून चपला शोधत होती.

"त्या केदारला तू काय सांगत होतीस?" मनोहरराव भिंतीकडे बघत म्हणाले. "त्या दिवशी."

"काय म्हणजे? की होईल. की करतोय आपण." तिने वर बघितलं. "का?"

"काही नाही." कोशावर त्यांनी पंचा घातला. "शब्द जुना आहे. चांगला आहे. इकडे तिकडे वापरत जाऊ नकोस."

"बरं."

"चहा आहे का?"

"थंड झालाय."

"चालेल. आण. खातो," मनोहरराव म्हणाले.

सभेला एरवीपेक्षा गर्दी होती. पिवळ्या चेहऱ्याने ती जमवली होती. गणपतीपुढे समई तेवत होती, मोदकांचा डबा झाकून ठेवला होता. केदारने शब्दकोश कपाटात ठेवायला लावला आणि सगळ्यांसमोर स्वतःच ओढून बाहेर काढला. पाठीच्या वरच्या काठात तर्जनी अडकवून. मनोहररावांनी शर्टावरून किल्ली चाचपली. लाल पाठ जागची हलली नाही.

"मजबूत आहे," कोणीतरी म्हणालं.

"बघू या," म्हणत केदारने तो मधेच उघडला. त्याची मान आधी डावीकडे झुकली, मग उजवीकडे. "काका, हे उलटं का?"

खुर्च्या करकरल्या. माना पुढे आल्या. हसू कुठून तरी मागून सुरू झालं आणि पुढच्या रांगेपर्यंत पोचलं. ऋचा दाराशी उभी होती. तो फर्मा कोणाच्या हातचा, हे तिथे तिला आणि त्यांना ठाऊक होतं. सुनेच्या नावावर खपवणं सोपं होतं. तिने चेष्टा केली हे गटावर आधीच जाहीर झालेलं होतं.

"मी शिवला तेवढा उलटा आहे," मनोहरराव म्हणाले. "बाकीचा सरळ आहे, तो हिने शिवला."

हसू जरा अडखळलं. तरी कपाटाचा विषय निघाला. हात वर झाले, मनोहररावांचा सोडून बहुतेक सगळे. किल्ली केदारकडे द्यायची ठरली.

त्यांनी शर्टाची बटणं काढली. वर्षानुवर्षांच्या घामाने किल्लीची गाठ जानव्यात रुतून बसली होती. आधी एका हाताने, मग दोन्ही हातांनी त्यांनी ती सोडवायला घेतली. नखं आत शिरेनात. सगळे बघत होते. उघड्या शर्टातून त्यांचं पांढरं पोट दिसत होतं. केदारने हात पुढे केला होता. त्याचं आता काय करावं हे न सुचून त्याने तो मागे घेतला.

"कात्री आणा कोणीतरी," एकजण म्हणाला.

"जानवं कापणार?" दुसरा म्हणाला.

ऋचा दारातून पुढे आली. पर्समधून तिने सुई काढली, शिवणीची जाड सुई, अजून मेणाने पांढरी. सासऱ्यांच्या छातीजवळ वाकून तिने सुईचं टोक गाठीवर ठेवलं.

"हलू नका, बाबा," ती म्हणाली. "मी चेष्टा करते."

सभा खदखदून हसली.

मनोहररावांनी पोट आत घेतलं आणि मान वर करून तिला जागा दिली.

"कर," ते म्हणाले.